मदत हवी आहे: प्रदर्शन बघणाऱ्यांच्या आठवणी कशा टिपाव्यात?

आम्ही काही जणांनी पुण्यातल्या मुठा नदीविषयी फिरतं प्रदर्शन केलंय. अभिप्रायाच्या वहीत बहुतेक जण 'छान', 'स्तुत्य उपक्रम' एवढंच लिहितात. पण 12 जुलै 1961 च्या, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला त्या दिवसाच्या फलकापाशी वयस्कर माणसं थबकतात. परवा नारायण पेठेतल्या एक आजी फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "आमचा तांब्याचा बंबसुद्धा वाहून गेला. किती दिवस नुसता चिखल उपसत होतो." वहीत मात्र फक्त सही. हे सगळं हातातून निसटतंय, फार जीव तुटतो. शाळेतली मुलं तर विचारतात, "या नदीत लोक खरंच पोहायचे?"

अशा आठवणी कुणी रेकॉर्ड केल्या आहेत का? माणूस न बुजता बोलेल असं कसं विचारायचं? परवानगी लेखी घेता की तोंडी? शनिवारी कोथरूडला प्रदर्शन आहे, त्याआधी कृपया सांगा.