फ्लॉरेन्सचा जिना फ्रेंच प्रार्थनेच्या पुस्तकात पोचला कसा?

रेघोट्या:
लोकहो, बेरीचा ड्यूक जाँ याच्यासाठी लिम्बुर्ग भावांनी रंगवलेलं प्रार्थनेचं पुस्तक 'त्रे रिश ऊर' चाळत होतो, त्यात मेरी बाळ येशूला घेऊन मंदिरात येते त्या पानावर मोठ्ठा जिना आहे, आणि सेम तोच जिना फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये ताद्देओ गाद्दीने साधारण ८० वर्षं आधी भिंतीवर काढलाय. गाद्दीकडे पायऱ्यांवर छोटी मेरी, इथे तिच्या जागी मेणबत्ती आणि पारवे घेतलेली दासी. भिंत तर काही हलत नाही, मग हे आलं कुठून?

शाईवाली:
भिंत नाही हलत पण कागद हलतो ना! त्या भित्तिचित्राचं त्या काळातलं रेखाटन आजही लूव्हरमध्ये आहे, असे नमुने वर्कशॉपमधून फिरायचे. शिवाय चित्रकारही एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जायचे. हे भाऊ मूळचे नायमेखनचे, मामा जाँ मालुएल बर्गंडीच्या ड्यूकचा चित्रकार. त्यांच्यातले दोघं पॅरिसहून घरी जाताना ब्रसेल्समध्ये कैदेत पडले तेव्हा त्याच ड्यूकने, बर्गंडीच्या फिलिपने, खंडणी भरायला पैसे दिले, मग पॉल आणि जाँ हे भाऊ त्याच्यासाठी बायबल रंगवायला बसले, १४०४ ला तो गेला आणि पुढे त्याच्याच भावाने म्हणजे बेरीने त्यांना ठेवून घेतलं. वशिला तेव्हाही चालायचा :)

जुनं_पान:
लग्नं विसरू नका, त्यातूनही पुस्तकं या हातातून त्या हातात जायची. तेव्हाच्या बर्गंडीच्या ड्यूकची बहीण अ‍ॅन १४२३ मध्ये इंग्लंडच्या बेडफर्डच्या ड्यूकला दिली, आणि १४३० च्या नाताळात तिने पॅरिसमध्ये रंगवलेलं आपलं प्रार्थनेचं पुस्तक नऊ वर्षांच्या सहाव्या हेन्रीला भेट दिलं. पोरगं इंग्लंडचा राजा, वर फ्रान्सच्या गादीवरही हक्क सांगणारं. त्यामुळे मला तरी ही भक्तीपेक्षा राजकारणाची भेट वाटते. आता ते ब्रिटिश लायब्ररीत आहे.

रेघोट्या:
म्हणजे इटलीचा वारा फ्रान्समध्ये लिम्बुर्गांनीच आणला असं म्हणायचं का?

शाईवाली:
छे, त्याच्या कितीतरी आधी. चित्रकार जाँ पुसेलने १३२४ ते १३२८ च्या दरम्यान फ्रान्सची राणी जान देव्हरोसाठी तळहाताएवढं पुस्तक केलं, बहुतेक चित्रं राखाडी छटांत, अंगावरच्या वस्त्राची घडी न् घडी दिसते. देवदूत मेरीकडे येतो तिथली खोली बघ, समोरची भिंत काढून टाकलेल्या पेटीसारखी, आत खोलपणा जाणवतो, सरळ इटलीतल्या सिएनाच्या चित्रकार दुच्चोची आठवण. आणि गंमत म्हणजे तेच पुस्तक पुढे बेरीच्याच संग्रहात आलं, म्हणजे लिम्बुर्गांच्या मालकाच्या घरात इटली आधीच होती. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयाच्या साइटवर फोटो आहेत, झूम करून बघ.