गुऱ्हाळाच्या राखेतून साबणापुरता क्षार निघेल का?

करवीरकर: आमच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं जळतात. राखेचे ढीग पडलेत. त्यातून क्षार काढून खोबरेलाचा साबण करावा म्हणतोय. जमेल?

रानवाट: चिपाडाची राख शेतात घाला. तिच्यात सिलिकाच जास्त, पालाश (पोटॅश) कमी. बाभळीची किंवा आंब्याची पांढरी राख घ्या, कोळसे चाळून काढा. बादलीच्या बुडाला भोकं पाडा, वर पिंजराचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर राख दाबून भरा आणि पावसाचं पाणी थोडं थोडं घाला. विहिरीचं जड पाणी नको, त्यातल्या कॅल्शियमपायी क्षार वाया जातो. घाई केलीत तर पाणी नुसतं पळतं. पहिलं पाणी सगळ्यात कडक, चहासारखं तांबूस. ते लोखंडी कढईत आटवा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, क्षार ते खातो.

करवीरकर: लगेच तेलात घालू?

रानवाट: नाही. हे पोटॅशियम कार्बोनेट, याच्यानं तेलाचा साबण नीट होत नाही. क्षाराच्या पाण्यात विझवलेला चुना कालवून गरम करा. पांढरा साका खाली बसतो, वरच्या निवळीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड येतं. साबण मऊ होईल, वडी पडणार नाही. आमच्याकडे भांड्यांना तोच वापरतात.

साबणघर: हातमोजे आणि चष्मा हवाच! निवळी अंगावर उडाली तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, बराच वेळ. लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका. पोरांना लांब ठेवा.