अतिदक्षता विभागातील मध्यवर्ती मॉनिटरचा पडदा परिचारिकांच्या सोयीचा कसा करावा?

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार. जळगावातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागासाठी मध्यवर्ती मॉनिटरचे सॉफ्टवेअर आम्ही तयार करीत आहोत. बारा खाटांची माहिती नर्सिंग स्टेशनवरील एकाच पडद्यावर यायची आहे. डॉक्टरांना सर्व खाटांचे आलेख सतत समोर हवे आहेत. इनचार्ज सिस्टरांचे म्हणणे मात्र असे की, आधी कोणत्या खाटेकडे धावायचे एवढे पडद्याने सांगितले तरी पुरे. दोन्ही गरजा एकाच पडद्यावर कशा बसवाव्यात, आणि अलार्मचे आवाज व रंग कसे ठरवावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रात्रपाळी (धुळे):
मी स्वतः आयसीयूत परिचारिका आहे, आणि मला इनचार्ज सिस्टरांचेच म्हणणे पटते. आम्ही पडद्यासमोर बसून नसतो. एका रुग्णाचे सक्शन चालू असते, दोन्ही हातांत ग्लोव्हज असतात, आणि तेवढ्यात मागे अलार्म वाजतो. अशा वेळी मान वळवून लांबूनच खाट क्रमांक आणि बिघडलेला एक आकडा वाचता आला पाहिजे. त्यामुळे आकडे मोठे ठेवा, आलेख लहान ठेवा, आणि खाटेला स्पर्श केल्यावर पूर्ण आलेख उघडू द्या. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा त्यांना तो तसाच पाहता येईल.

दुसरे म्हणजे, रुग्ण बिघडला आहे की वायर निघाली आहे, हे पडद्याने स्पष्टपणे वेगळे सांगावे. बीपीचा कफ आणि ऑक्सिजन मोजणारा बोटाचा प्रोब एकाच हाताला असेल, तर कफ फुगताच ऑक्सिजनचा आकडा घसरतो किंवा नाहीसा होतो आणि अलार्म वाजू लागतो. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी असे होऊ लागले की त्या खाटेच्या आवाजाकडे कोणी फिरकत नाही, आणि खरा धोका नेमका तेव्हाच निसटतो. अलार्म कोणी थांबवला आणि तो पुन्हा सुरू होण्यास किती वेळ उरला आहे, हेही खाटेच्या चौकटीत दिसावे.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑक्सिजन ९४ आहे, एवढ्याने काहीच कळत नाही. संध्याकाळी तो ९८ होता का, हे कळले पाहिजे. मागील काही तासांची एक बारीक रेघ आकड्याशेजारी दिली, तर हॅण्डओव्हरच्या वेळी केसपेपर चाळण्याचे निम्मे काम वाचेल.

बायोमेडिकल_अभियंता (भुसावळ):
सततच्या आवाजांमुळे अलार्मकडे दुर्लक्ष होते, असे ताईंनी सांगितले; या 'अलार्म-थकव्या'ची दखल अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्येच घेतली होती. ८५ ते ९९ टक्के अलार्मना कोणत्याही उपचाराची गरज नसते, असा अंदाज त्यांच्या इशाऱ्यात नमूद आहे. ऑक्सिजनचा अलार्म काही सेकंद थांबून वाजवला, तर क्षणिक घसरणीचे बरेच आवाज गळून पडतात. मात्र हा विलंब किती असावा, हे तेथील डॉक्टरांनीच ठरवावे.

रंग स्वतःच्या आवडीने ठरवू नका. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मसाठी असलेल्या आयईसी ६०६०१-१-८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तातडीच्या अलार्मला लुकलुकणारा लाल आणि मध्यम अलार्मला लुकलुकणारा पिवळा रंग असतो. धमनीतील रक्तदाबाची रेघ पुष्कळ मॉनिटरांवर लालच असते; ती आणि लाल अलार्म यांचा गोंधळ होऊ नये, म्हणून अलार्मच्या वेळी संपूर्ण चौकटीची पार्श्वभूमी बदलावी. लाल-हिरवा फरक न कळणारे लोकही असतात, तेव्हा रंगासोबत चिन्ह आणि शब्द हवेतच.

आपल्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. वीज परतल्यावर प्रत्येक रुग्णासाठी ठरवलेल्या अलार्मच्या मर्यादा जाऊन कंपनीच्या मूळ मर्यादा आल्या, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून यूपीएस असला तरी ही चाचणी प्लग काढून प्रत्यक्ष करा. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारतात असे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येते, त्यामुळे परवान्याची चौकशी आताच केलेली बरी.

तापीकाठ (जळगाव):
दोघांचेही आभार. खाटांचा क्रम ठरवण्यासाठी ब्रिटनमधील न्यूज-टू हे गुणांकन (श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्धी इत्यादींवरून रुग्ण किती बिघडला आहे हे सांगणारे) वापरावे, असा आमचा विचार आहे. ते योग्य ठरेल का?

सातपुडा_वॉर्ड (नंदुरबार):
प्रौढ रुग्णांसाठी ते उपयुक्त आहे. २०१७ च्या या आवृत्तीत एकूण गुण ५ झाले की तातडीने तपासणी आणि ७ झाले की आणीबाणीचा प्रतिसाद अपेक्षित असतो. परंतु सोळा वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ते वापरायचे नसते. लहान गावांतील आयसीयूत असे रुग्णही याच खाटांवर येतात, म्हणून त्यांच्या चौकटीत गुण दाखवूच नका. तसेच या गुणांसाठी लागणारी शुद्धीची नोंद मॉनिटर करू शकत नाही. ती परिचारिकेलाच भरावी लागते, आणि ती शिळी झाली असल्यास गुणांशेजारी नोंदीची वेळ दिसली पाहिजे.

रात्रपाळी (धुळे):
ती नोंद एका स्पर्शात व्हावी. त्यासाठी पासवर्ड मागितलात, तर पहाटेपर्यंत कोणी भरणार नाही.