थापेला 'पोर्की' का म्हणतात?

चाटीगल्लीवाला:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलचं दुकान. भाचा लंडनला शिकतोय. काल फोनवर म्हणाला, रोज स्वतः भाकरी थापून खातोय. मी म्हटलं, बंडल मारू नको बे! तर म्हणतो, "मामा, इथं याला पोर्की म्हणतात." डुकराचा आणि थापेचा काय संबंध ओ? असे आणखी शब्द आहेत का?

जुना_मास्तर:
इंग्रजी शिकवण्यात हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लंडनच्या पूर्व भागात यमकाची बोली आहे. 'लाय' म्हणजे खोटं. त्याच्याशी यमक जुळतं 'पोर्क पाय' या मांसाच्या कचोरीचं. खोटं न म्हणता कचोरी म्हणायचं, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ही बोली १८५९ च्या हॉटनच्या बोलीभाषेच्या कोशातही नोंदलेली आहे. 'पोर्क पाय'चं छोटं रूप 'पोर्की' मात्र विसाव्या शतकातलं.

'हुडविंक' म्हणजे फसवणं, हा शब्द सोळाव्या शतकातला. 'विंक' म्हणजे तेव्हा डोळे मिटणं. 'हुड' म्हणजे डोक्यावरचं टोपडं, ते डोळ्यांवर ओढलं की माणूस आंधळा. आपण टोपी घालतो, तसंच की! 'बॅम्बूझल' म्हणजेही फसवणंच. त्यावर तर लेखक जोनाथन स्विफ्ट १७१० मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकातून तुटून पडला होता, असल्या शब्दांनी भाषा बिघडते म्हणून. शब्द अजून जिवंत आहे.

माझ्या मनाला सगळ्यात लागतो तो 'कॉन', म्हणजे विश्वास मिळवून केलेली फसवणूक. १८४९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला गेला. चांगले कपडे, गोड बोलणं. अनोळखी माणसाशी ओळख असल्यासारख्या गप्पा मारायचा आणि मग विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल, एवढा विश्वास आहे का माझ्यावर? लोक घड्याळ काढून द्यायचे! वर्तमानपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हणजे 'विश्वासवाला माणूस' म्हटलं, त्याचाच पुढे 'कॉन' झाला.

हे पहिल्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. आमचे दोन माग होते. गड्ड्याच्या यात्रेत वडील चादरी विकायला बसत. एका वर्षी सफारीतला एक गृहस्थ दोन दिवस रोखीनं पाच-पाच चादरी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी चाळीस नग बांधायला सांगितले आणि म्हणाला, "पैसे उद्या. विश्वास नाही का मालक?" वडिलांनी सुतळी स्वतः बांधून दिली. वहीत लिहिलेला पत्ता खोटा निघाला.

कोर्टरोड:
सर, यात 'ठग' हवाच. शब्द आपला, पण इंग्रजीत जाऊन बदलला. आपल्याकडे ठग गोड बोलून फसवतो, त्यांच्याकडे 'थग' म्हणजे मारहाण करणारा गुंड. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांच्या 'रामसी' या चोरबोलीचा शब्दसंग्रहच १८३६ मध्ये कलकत्त्यात छापला. आणि चारसोबीस! कलम गेलं, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला न्याय संहितेचं ३१८ लागतं. पण चौकात कुणी कुणाला तीनशे अठरा म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

चाटीगल्लीवाला:
सर, पोर्की कळलं. पण चाळीस चादरींचं वाचून पोटात कालवलं ओ. आमच्याही धंद्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जड जातं. ती वही आहे का अजून?

जुना_मास्तर:
आहे. वडिलांनी ती ओळ शेवटपर्यंत खोडली नाही. लाल पेन्सिलीनं लिहिलंय, "४० नग, येणे बाकी."