रि: रि: सात सीटर फोर-बाय-फोर, शनिवारच्या आत ठरवायचंय

मंदार, सोमवार रात्री ९:४२

मंडळी, नमस्कार.

इसुझूची एमयू-एक्स (एलएस-टी), फोर्डची एव्हरेस्ट (स्पोर्ट, व्ही-सिक्स) आणि टोयोटाची नवी प्राडो (जीएक्सएल), या तिघींतली एक घ्यायची आहे. डीलरने शनिवारपर्यंत भाव धरून ठेवलाय. माणसं सात: मी आणि अनघा, आई-बाबा, सासूबाई, थोरला आठ वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. जाणं व्हिक्टोरियात मॅन्सफिल्डच्या वरच्या डोंगरी रस्त्यांवर, उन्हाळ्यात रोबच्या किनाऱ्यावर. शिवाय गणपतीत आपल्या ढोलपथकाचा ट्रेलर यंदापासून मी ओढायचा असं ठरलंय.

प्रश्न एकच. धाकटीची सीट तिसऱ्या रांगेत बसते का? बाकी सगळं यूट्यूबवर पाहून झालंय.

केदार, सोमवार रात्री १०:०५

ट्रेलर तू ओढायचा असं *ठरलेलं* नाही. चर्चा झाली. बैठकीचं इतिवृत्त पाहा.

गाडी एव्हरेस्ट घे.

मेधा, मंगळवार सकाळी ७:१८

मंदार, बसते का हा प्रश्न चुकीचा आहे. सीट बसेलच, ती बांधता येते का ते बघ.

इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, नियमाप्रमाणे चांगलं चार वर्षांपर्यंतचं मूल हार्नेसवाल्या सीटमध्येच हवं, आणि गाडीला मागे रांग असेल तर पुढे बसवायचं नाही. त्या सीटला वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेथर, लागतोच. आयसोफिक्स (सीट खालून गाडीला अडकवायचे हूक) असलं तरी लागतो. तो पट्टा अडकवायला गाडीत कारखान्याने दिलेला अँकर पाहिजे. कित्येक सात सीटर गाड्यांत तिसऱ्या रांगेला तो दिलेलाच नसतो. अँकर नाही म्हणजे त्या जागी तीन वर्षांची मुलगी नाही, विषय संपला.

शोरूममध्ये सेल्समनला विचारू नकोस, तो "हो हो, आहे" म्हणतो. तिसरी रांग उभी कर, मागचं दार उघड आणि पाठीमागे, तळाशी, छताला हात फिरवून बघ. अँकरवर मुलाच्या सीटचं किंवा नांगराचं चिन्ह असतं. डिकीत सामान बांधायला जे हूक असतात ते टेथरचे नव्हेत. दिसायला सारखे, पण धडकेच्या वेळी येणारा जोर घेण्यासाठी ते केलेले नसतात. हीच चूक सर्रास होते. मग मॅन्युअलमध्ये चाइल्ड रिस्ट्रेंटचा तक्ता काढ, त्यात प्रत्येक जागेपुढे काय चालतं ते लिहिलेलं असतं. अॅनकॅपच्या (गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी संस्था) अहवालातही तिसऱ्या रांगेची नोंद वेगळी असते. तिथेच खिडक्यांवर उघडणारी पडदा एअरबॅग शेवटच्या रांगेपर्यंत येते की नाही तेही बघून घे. तारे पाच असले तरी ते वाच.

आणि धाकटीला मागे टाकायचा हट्टच कशाला? तिला दुसऱ्या रांगेत, ड्रायव्हरच्या मागे बसव. डाव्या बाजूला नको. तिसऱ्या रांगेत जायला फूटपाथकडची सीट दुमडावी लागते आणि चाइल्ड सीट बांधलेली असली की ती दुमडत नाही. मग थोरला डिकीतून चढणार. थोरला सातच्या वर आहे, त्याला बूस्टर (उंची वाढवणारी बैठक) किंवा नीट बसणारा पट्टा चालतो. उंची १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर ठेवावा. पण इथल्या बऱ्याच बूस्टरनाही टेथर असतो, त्यामुळे तुमचा कोणता आहे ते सांग.

म्हणजे असं: पुढे तू आणि सासूबाई, मधे आई-बाबा आणि धाकटी, मागे थोरला आणि अनघा.

अनघा, मंगळवार सकाळी ८:०२

मागे अनघा हे कोणी ठरवलं?

मेधा, मंगळवार सकाळी ८:१०

अगं, गुडघे शाबूत असलेली तूच एक आहेस. या गाड्या शिडीसारख्या चॅसीवरच्या. खाली आडवा अॅक्सल, त्यावर चॅसी, त्यावर फरशी. म्हणून मागच्या रांगेत फरशी उंच आणि बैठक बुटकी, गुडघे छातीशी येतात. आईंना तिथे वीस मिनिटं बसवून बघा. नुसतं चढून उतरणं नव्हे, वीस मिनिटं. आणि बसवताना मधली रांग बाबांना हवी तेवढी मागे घ्या, नाहीतर शोरूमला ती पुढे ओढून ठेवलेली असते.

सुहास, मंगळवार दुपारी १२:४०

मेधाताईंनी माणसं बसवली, आता ती गाडीला पेलतात का ते पाहू. मंदार, तू "३५०० किलो ओढते" या जाहिरातीवर गेला आहेस असं दिसतं. तिन्ही गाड्यांवर तोच आकडा आहे, म्हणून निवडीला त्याचा उपयोग शून्य.

बघायचे आकडे दोन. जीव्हीएम म्हणजे गाडी, माणसं, सामान आणि ट्रेलरने बॉलवर (गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर) टाकलेलं वजन, सगळं मिळून कमाल किती. जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल किती.

एमयू-एक्स: जीव्हीएम २८००, रिकामी (टाकी भरून) जवळपास २१७५. उरले ६२५. आता तुझा हिशेब:

पाच मोठी माणसं सरासरी ७० धरली तर ३५०. दोन मुलं, सीट आणि बूस्टर मिळून ५५. टोबार (ट्रेलर जोडायचा दांडा), मॅट, ट्रेची भर ४०. झाले ४४५, राहिले १८०. ट्रेलर भरून १२०० असेल तर बॉलवर दहा टक्के, म्हणजे १२०. राहिले ६०. सात जणांचं सामान ६० किलोत. त्यात पाण्याचा २० लिटरचा कॅन आला की ४०. बुलबार बसवलास की संपलं.

एव्हरेस्ट व्ही-सिक्स: जीव्हीएम ३१५०, रिकामी साधारण २४५०. उरतात ७००, म्हणजे ७५ जास्त. थोडं बरं, चैन नाही.

३५०० खरंच ओढायचे म्हटलं तर? एमयू-एक्सचं जीसीएम ५९००. त्यातून ३५०० गेले, राहिले २४००, त्यातून गाडी २१७५. माणसं-सामानाला २२५. म्हणजे तिघंजण आणि जेवणाचे डबे. एव्हरेस्टचं ६२५०, तिथे ३०० राहतात. सात सीट आणि साडेतीन टन हे एकाच दिवशी वापरायचे आकडे नाहीत.

माहितीपत्रकात "टेअर" आणि "कर्ब" या रिकाम्या गाडीच्या दोन वजनांत गल्लत करू नकोस. टेअरमध्ये टाकीत दहाच लिटर धरतात. ८० लिटरची टाकी भरली की साठेक किलो वाढले. प्राडोची टाकी ११० लिटरची, तिथे फरक अजून मोठा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, मागचा अॅक्सल. बॉल मागच्या चाकांच्या सव्वा मीटर मागे असतो. तरफ आहे ती. बॉलवर १२० टाकले की मागच्या अॅक्सलवर १७० येतात आणि पुढचा ५० ने हलका होतो. तिसऱ्या रांगेची माणसंही मागच्या अॅक्सलच्या डोक्यावरच. त्यामुळे एकूण वजन मर्यादेत, पण मागचा अॅक्सल मर्यादेबाहेर, असं होतं. स्टीअरिंग हलकं लागतं, दिवे झाडांच्या शेंड्यावर पडतात. मर्यादा दाराच्या चौकटीवरच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असते. सार्वजनिक वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग ट्रेलरसकट, अशी तीन वजनं घ्यायची. भरलेल्या गाडीची, रिकाम्या नव्हे.

केदार, मंगळवार दुपारी १:१५

> ट्रेलर भरून १२०० असेल तर

ढोलांचा ट्रेलर १२०० कधीच भरत नाही. ढोल म्हणजे आत हवा. ते जागा खातात, वजन नाही. वजन असतं ध्वजाच्या बैठकांचं आणि जनरेटरचं. जनरेटर मागे ठेवला तर बॉलवर वजन येतच नाही, ट्रेलर शेपटी हलवतो. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जनरेटर अॅक्सलच्या किंचित पुढे, ढोल मागे. हे ट्रेलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं आहे.

सुहास, मंगळवार दुपारी १:३१

लिहिलेलं मीच आहे, केदार. प्लेटवर १४०० एटीएम (भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन) आहे म्हणून १२०० धरले. ७५० च्या वर ब्रेक लागतात, ते आपल्या ट्रेलरला आहेत, ओव्हरराइडवाले (ट्रेलर गाडीला ढकलू लागला की आपोआप लागणारे). त्यामुळे गाडीत वेगळा ब्रेक कंट्रोलर नसला तरी चालतं.

प्रसाद, मंगळवार संध्याकाळी ६:५०

मधे बोलतो, पण लो-रेंज (फार हळू, जास्त जोराने चालायचे गिअर) लागतेच का? वर्षातून दोन वेळा मॅन्सफिल्ड आणि बाकी सगळे दिवस शाळा-स्टेशन-शाळा. टोयोटाची क्लूगर हायब्रिड घे, सात सीट, २००० किलो ओढते, आपल्या ट्रेलरला पुरून उरली. तिन्ही डिझेल गाड्यांत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आहे. रोज चार किलोमीटर चालवली तर काजळी जाळायला एक्झॉस्ट तापतच नाही, फिल्टर भरत जातो.

सुहास, मंगळवार रात्री ८:२०

डीपीएफबद्दल बरोबर. पण त्यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास फ्रीवे. गाडी स्वतः जाळायला लागली की आयडल किंचित वर जातं, सरासरी डिझेल वाढलेलं दिसतं, बंद केल्यावर पंखा फिरत राहतो. अशा वेळी घरी पोचलात तरी इंजिन बंद करू नका, पाच-दहा मिनिटं अजून फिरवा. दर वेळी अर्धवट तोडलं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी *वाढते*. वाढलेली पातळी पाहून खूश होऊ नये.

श्रीरंग, मंगळवार रात्री ९:०४

लो-रेंजची गरज क्लूगरवाल्यांना मॅन्सफिल्डजवळच्या क्रेग्ज हटच्या वाटेवर कळेल. चढणं नव्हे, उतरणं अवघड असतं. पहिल्या लो गिअरवर सोडलं की ब्रेक न लावता गाडी चालण्याच्या वेगाने उतरते. नुसत्या ब्रेकवर सात माणसांची गाडी उतरवलीत तर खाली येईपर्यंत वास सुटतो. (आत्ता मात्र जाऊ नका, वरचे बरेच ट्रॅक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद असतात.)

मंदार, मला तुझ्या यादीत खटकली ती एलएस-टी. तिला २६५/५० चे २० इंची टायर आहेत. टायरची भिंत १३२ मिलिमीटर. त्याच गाडीच्या एलएस-यूला २६५/६०, १८ इंची, भिंत १५९. एव्हरेस्ट स्पोर्टलाही २० इंचीच, २५५/५५. रोबच्या वाळूत १८ पीएसआयपर्यंत हवा सोडायची म्हणजे टायरचा ठसा *लांब* व्हायला हवा, आणि तो भिंतीतूनच होतो. भिंत बुटकी असली की रिम खड्ड्याला लागते. चामड्याच्या सीटसाठी जास्त पैसे देऊन टायर कमी दर्जाचा घेतो आहेस. डीलरकडून सौद्यातच १८ ची चाकं बदलून माग. अदलाबदल दोघांनाही परवडते, आणि शनिवारच्या आधी मागितलीस तरच होते. पाचवं चाकही त्याच मापाचं.

हवा सोडल्यावर वेग ४० च्या आत, वळण हळू, नाहीतर टायर रिमवरून निघतो. डांबरावर आलात की लगेच भरा. त्यासाठी बॅटरीला थेट लावायचा कंप्रेसर घ्या. सिगरेट लायटरवाला चार टायरांत फ्यूज उडवतो.

मंदार, मंगळवार रात्री ९:३०

मग एव्हरेस्ट की एमयू-एक्स? प्राडोबद्दल कोणीच बोलत नाही.

श्रीरंग, मंगळवार रात्री ९:४८

प्राडो कायम फोर-व्हील, मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) लॉक होतो. वाटेवर उत्तम. पण ४८ व्होल्टची बॅटरी डिकीच्या तळाखाली आहे, म्हणून तिसरी रांग पाडली तरी तळ सपाट होत नाही, पायरी राहते. आठवडाभर पाच सीट वापरणाऱ्याला रोज डोळ्यात खुपणार. डिकीत मिठाईचे ट्रे आडवे ठेवायचे असतील तर आधी जाऊन बघ.

एमयू-एक्स पार्ट-टाइम. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारी चाकांना जोर) लावायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे शाफ्टमध्ये पीळ भरतो, फोर-हाय सुटत नाही, टायर ओरडतात. पावसाळी डांबर, मग दोन किलोमीटर खडी, मग परत डांबर अशा रस्त्यावर सारखं आत-बाहेर करत बसावं लागतं. एव्हरेस्ट व्ही-सिक्सला फोर-ए (गरजेप्रमाणे चारी चाकं आपोआप लावणारं) आहे, ते लावून विसरून जा. ट्रेलर मागे असताना ओल्या चढावर हा फरक कळतो. तुझ्या वापराला एव्हरेस्ट, १८ ची चाकं घालून.

मेधा, मंगळवार रात्री १०:०१

टेथर बघितल्याशिवाय काही नाही.

अनघा, बुधवार सकाळी ७:४५

काल तिन्ही शोरूमला जाऊन आले. सीट बरोबर नेली होती. कोणत्या गाडीत काय दिसलं ते इथे लिहीत नाही, ट्रिमप्रमाणे बदलतं, ज्यांना घ्यायची त्यांनी हात घालून बघा. एका ठिकाणी सेल्समनने सामानाचा हूकच दाखवला. मेधाताई, धन्यवाद.

गॅरेजही मोजलं. आत सहा मीटर. गाडी ४.९. मागचं दार उघडायचं तर गाडी उलटी लावायची आणि शटर वर ठेवायचं.

आणि मी मागे बसणार नाही. मंदार मागे बसेल, गाडी मी चालवीन.

केदार, बुधवार सकाळी ८:२०

चालेल. पण ट्रेलर ओढणाऱ्याचं नाव बदललं तर कार्यकारिणीला कळवावं लागेल.

सुहास, बुधवार सकाळी ८:३३

अनघा, टोबार बसवताना १२ पिनचं चपटं सॉकेट सांग. सात पिनचा चपटा प्लग त्यात बसतो. आपल्या ट्रेलरचा मात्र गोल आहे, त्याला अडॅप्टर लागेल. बॉल ५० मिलिमीटरचा.

केदार, बुधवार सकाळी ८:४१

अडॅप्टर आहे. झांजांच्या पेटीत, खाली. पेटी माझ्याकडे आहे.