टोकन दिल्यावर घर इंजिनिअरला दाखवलं आणि साडेचार लाख कमी मागितले, चुकलं का माझं?

सिंहगडरोडवाला

सिंहगड रोडला रीसेल टू बीएचके बघितला, १९९७ ची बिल्डिंग, फ्लॅट चौथ्या म्हणजे टॉपच्या मजल्यावर. घासाघीस होऊन ७६ लाखांना ठरलं, एक लाख टोकन चेकने दिलं, साठेखत (खरेदीखताआधीचा करार) अजून व्हायचंय. मग ओळखीतल्या एका सिव्हिल इंजिनिअरला पाच हजार देऊन घर दाखवलं. तो माणूस तीन तास हातोडी घेऊन भिंती ठोकत होता. बाथरूमच्या निम्म्या टाइल्स बद्द वाजतात, मागच्या भिंतीत ओल. वायरिंग पहिल्यापासूनचं, अर्थिंगचा पत्ता नाही. आणि मेन गोष्ट म्हणजे मास्टर बेडरूमला नवंकोरं पीओपी सीलिंग आहे, त्यातला लाइट काढून भोकातून टॉर्च मारला तर वर स्लॅबला पोपडे आणि एक सळई गंजून उघडी पडलेली. मी फोटो काढून एस्टिमेटसकट घर विकणाऱ्या काकांना पाठवले: बाथरूम १.६ लाख, वायरिंग १.२, स्लॅब आणि सीलिंग १.१, बाकी किरकोळ ६० हजार, एकूण साडेचार कमी करा. काका म्हणाले "शब्द झाला होता, पेढे खाल्लेत आपण माझ्या घरी." एजंट म्हणतो रीसेलमध्ये असं कोणी करत नाही. आता वाईट मीच ठरलोय.

खडूस_डोंबिवलीकर

ठरणारच. इंजिनिअर टोकनच्या आधी न्यायचा असतो. मागच्या वर्षी माझं घर विकताना एका पार्टीने हेच केलं, आम्ही दुसरीकडे बुकिंगचे पैसे भरून बसलेलो हे त्याला माहीत होतं, बरोबर त्याच आठवड्यात लिस्ट आली. याला निगोशिएशन नाही म्हणत, अडवणूक म्हणतात. आणि १९९७ ची बिल्डिंग ७६ ला मिळतेय ती जुनी आहे म्हणूनच ना? जुनेपणाचं डिस्काउंट एकदा घेतलंत, आता परत वायरिंग जुनं म्हणून मागताय.

आलं_घालून_चहा

वायरिंगचं तुमचं पटतं, बटणं बघून कळतं ते. पण पीओपी? गळक्या स्लॅबखाली नवं सीलिंग हौसेने करतं का कोणी! १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये सरळ आहे की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या बघण्यात न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं काम. शब्द झाला होता तो न गळणाऱ्या घराचा झाला होता.

खडूस_डोंबिवलीकर

काकांना माहीत होतं हे कशावरून? सीलिंग मुलाच्या लग्नात केलं असेल. आणि टेरेस सोसायटीचं असतं, त्याचे पैसे काकांच्या खिशातून का?

दोन_टर्म_सेक्रेटरी

टेरेसवरून गळत असेल तर मॉडेल बायलॉजप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) दुरुस्ती सोसायटीची, बरोबर. बाथरूम मात्र मेंबरचं स्वतःचं. पण माहीत होतं की नाही यावर वाद कशाला घालताय, सोसायटीच्या ऑफिसात आवक रजिस्टर असतं. टॉपच्या मजल्यावरचा मेंबर गळती झाली की दर पावसाळ्यात पत्र देतो, मी अशा पत्रांनी फायली भरल्यात 😀. काकांनाच सांगा, माझ्यासमोर सेक्रेटरीला विचारा. आणि स्ट्रक्चरल ऑडिट मागा, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी आणि ३० च्या वर दर तीन वर्षांनी करायचं असतं. त्यात टेरेसचा कोबा (स्लॅबवरचा थर) काढून नवीन करायचा निघाला तर खर्च सगळ्या मेंबरांत वाटला जाणार, तेव्हा मेंबर तुम्ही असाल. साडेचार लाखांच्या लिस्टमध्ये हे नाहीच.

मुक्काम_एडिसन

आमच्याकडे न्यू जर्सीत यात कोणाला काही वाटतच नाही. कॉन्ट्रॅक्ट सही झालं की तीन दिवस वकिलांचे, मग इन्स्पेक्शन, रेडॉन (जमिनीतून येणारा घातक वायू) टेस्ट, अंगणात जुनी तेलाची टाकी पुरलीय का तेही मशीन फिरवून बघतात. आम्ही ३८ गोष्टींची यादी केली होती, वकीलबाईंनी पाच ठेवल्या, बाकीच्यावर म्हणाल्या "हे मागितलंत तर समोरचा चिडेल आणि पाचही जातील." रिपेअर नको, क्रेडिट घ्या, म्हणजे तेवढे पैसे वळते करून घ्या असंही सांगितलं, कारण जाणारा माणूस सगळ्यात स्वस्त प्लंबर बोलावतो.

खडूस_डोंबिवलीकर

अहो पण तुमच्याकडे इन्स्पेक्शनची अट आधीच कागदावर असते, विकणाऱ्याला माहीत असतं. इथे टोकन पावतीवर काय लिहिलंय? "तपासणी समाधानकारक झाल्यास" एवढे तीन शब्द असते तर मी गप्प बसलो असतो.

सिंहगडरोडवाला

पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख आहे. हे माझं चुकलं.

जुगाडू_९६

एवढा ताप कशाला, ७६ कागदावर राहू दे, काकांकडून साडेचार रोख परत घे, विषय संपला.

आलं_घालून_चहा

वा, म्हणजे बँकेला खोटा आकडा, वर साडेचार लाखांवर स्टॅम्प ड्युटी जास्त. पुण्यात ७ टक्के धरली तर साडेएकतीस हजार उगाच. नको ते सल्ले देऊ नका. किंमत खरंच कमी झाली तर कागदावरही कमी दाखवा, फक्त रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेला दर) खाली गेलात तर ड्युटी रेकनरवरच लागते.

ईएमआय_चालू_आहे

एक गोष्ट कोणी बोललं नाही. लोन ८० टक्के असेल ना? मग किंमत साडेचारने उतरली तरी तुझ्या खिशातले फक्त ९० हजार वाचतात, बाकीचे ३.६० लोनमधून कमी होतात. दुरुस्तीचे साडेचार मात्र रोखीने तुलाच आत्ता लागणार. आम्ही यातच फसलो, किंमत कमी केल्याच्या आनंदात राहिलो आणि सहा महिने एकाच बाथरूमवर काढले, त्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. हातात पैसे नसतील तर बाथरूम काकांकडूनच करून घे, पण मिस्त्री तुझा आणि बिल त्यांचं, आणि ७२ तास पाणी भरून टेस्ट झाल्याशिवाय टाइल्स लावू देऊ नकोस.

सिंहगडरोडवाला

हा हिशोब डोक्यातच आला नव्हता. लोन ८० टक्केच आहे. वायरिंग आणि किरकोळ सोडून दिलं, काकांना तसा फोन केला. बाथरूमला ते तयार झाले, मिस्त्री माझा चालेल म्हणाले. सीलिंगचं विचारलं तर आधी गप्पच, मग म्हणाले २०१९ च्या पावसात थोडं टिपकलं होतं, सोसायटीला पत्र दिलंय. पत्राची कॉपी शोधून ठेवतो म्हणालेत, रविवारी बोलावलंय.

खडूस_डोंबिवलीकर

माहीत होतं म्हणजे. ठीक, स्लॅबचे १.१ लाख माग. पण पेढे या वेळी तू घेऊन जा.