‘द क्राय ऑफ लव्ह’ जिमी हेंड्रिक्सचा म्हणून जोखायचा कसा?

तबकडीवेडा
गिटारवादक हेंड्रिक्स सप्टेंबर १९७० मध्ये गेला, हा अल्बम मार्च १९७१ मध्ये आला. परीक्षण लिहिताना अडलोय. त्याने हयातीत काढलेल्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ अल्बमच्या पंक्तीत बसवून गुण द्यायचे, की अर्धवट राहिलेलं काम म्हणून सूट द्यायची? आणि त्याचं किती, मागाहून भरलेलं किती, हे नुसतं ऐकून कळतं का?

सहातारा
सूट कशाला? सगळं अर्धवट नव्हतंच. ‘फ्रीडम’ आणि ‘नाइट बर्ड फ्लाइंग’ ऑगस्ट १९७० मध्ये इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ध्वनिमुद्रक एडी क्रेमरबरोबर बसून त्यानेच मिक्स केली. ‘नाइट बर्ड’मध्ये एका गिटारीवर दुसरी चढत जाते तो गुंता त्याचाच. ही दोन बेलाशक लेडीलँडच्या मापाने मोजा.

‘एंजल’चे ड्रम्स मात्र त्याचा ड्रमर मिच मिचेलने ऑक्टोबरमध्ये, जिमी गेल्यावर वाजवले. ‘ड्रिफ्टिंग’मधला बझी लिनहार्टचा व्हायब्राफोनही (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) नंतरचाच.

ओळखायचं असेल तर हेडफोन लावा आणि एक फेरी फक्त ड्रम्स ऐका. एकत्र वाजवलेल्या टेकमध्ये ड्रमरने फिल (दोन ओळींमधला छोटा तुकडा) मारला की गिटार कुठेतरी त्याला उत्तर देते, निदान जरा थबकते. मागाहून चढवलेले ड्रम्स गिटारीमागून चालतात, गिटार त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ‘एंजल’मध्ये हा सांधा चटकन सापडत नाही, कारण मिचला त्या हाताची सवय होती.

मंद्रसप्तक
मला वाद्यांपेक्षा निवड खटकते. ‘माय फ्रेंड’ १९६८ च्या मार्चमधलं. पार्टीचा गलका, ग्लासांची किणकिण, सैलसर गाणं. ते ‘नाइट बर्ड’नंतर लागलं की पहिली बाजू चक्क बसते. ‘इझी रायडर’वर बडी माइल्सचे ड्रम्स, म्हणजे ताल मिचपेक्षा जड. जिमीच्या डोक्यात याहून मोठा अल्बम होता. १९९७ च्या ‘फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन’मध्ये इथली दहाही गाणी आहेत, वर आणखी सात. तेव्हा गाण्यांच्या क्रमाचं श्रेय किंवा खापर क्रेमर-मिचेल जोडीच्या नावावर लिहा, जिमीच्या नाही.

तबकडीवेडा
मग जिमीच्या १९७५ च्या ‘क्रॅश लँडिंग’ अल्बमलाही हाच न्याय?

सहातारा
छे! तिथे निर्माता अ‍ॅलन डग्लसने मूळ साथीदारांचं वाजवणं काढून भाडोत्री वादक बसवले. ड्रम्सवर अ‍ॅलन श्वार्ट्झबर्ग, वर जेफ मिरोनोव्हची आणखी गिटार. काही गाण्यांत सहलेखक म्हणून स्वतःचं नावही घातलं! वादक तयारीचे, पण सफाईदार, काट्यावर चालणारे. जिमी तर ताल ओढत-सोडत वाजवणारा. तिथे जिमीच्या गिटारीला आणि निर्मितीला वेगळे गुण द्या.

मंद्रसप्तक
पण डग्लसचं नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जिमीचा ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’ २०१० चा, तरी त्यातल्या काही गाण्यांवर मिचेल आणि जिमीचा जुना बासवादक नोएल रेडिंग यांनी १९८७ मध्ये वाजवलेले ड्रम्स-बास आहेत. कव्हरवरचं साल सोडा, आतल्या पुस्तिकेत गाण्यागणिक ध्वनिमुद्रणाच्या तारखा आणि वादक बघा.

आणि ‘द क्राय ऑफ लव्ह’ ऐकायची सुरुवात शेवटच्या गाण्यापासून करा. ‘बेली बटन विंडो’, ऑगस्ट १९७०: गळा त्याचा, दोन्ही गिटारी त्याच्या. ड्रम्स नाहीत, बास नाही. तो कान ताजा असतानाच ‘फ्रीडम’ लावा.